उणे ४० ला कोणता पाइप? सी क्लास, ए१०६, ए३३३ की स्टेनलेस?

मच्छीवाला_इंजिनिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कोकणात एका मासळी प्रक्रिया कारखान्यात देखभालीचं काम बघतो. मालकांनी नवा ब्लास्ट फ्रीजर आणि जोडीला प्लेट फ्रीजर घ्यायचं ठरवलंय. अमोनिया पंपाने फिरवलेला, बाष्पीभवन उणे ४० अंशांना. शिवाय पॅकिंग हॉल थंड ठेवायला उणे ८ चा ग्लायकॉल, आणि मासळी धुवायला ५ अंशांचं चिल्ड वॉटर.

घोडं अडलंय पाइपवर. सल्लागारांनी सरसकट ए३३३ ग्रेड ६, म्हणजे कडक थंडीसाठीचा कार्बन स्टील पाइप, लिहून दिलाय, अगदी चिल्ड वॉटरलासुद्धा. ठेकेदार म्हणतो, ए१०६ ग्रेड बी सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा साधा कार्बन स्टील पाइप, टाका, सगळीकडे तेच चालतं, आजवर कुठे काय झालंय? खरेदी विभागाने तिसराच सूर लावलाय: बाजारात सी क्लास एवढा स्वस्त मिळतो, मग हे सगळं कशाला? आणि मालकांच्या मेहुण्यांनी स्टेनलेसची बाजू घेतलीय, "एकदाच काय ते करून टाका."

मला पैसे वाचवायचेत, पण रात्री दोन वाजता सायरन नकोय. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. नुसतं "चांगल्या प्रतीचं वापरा" असं नको, ते आम्हालाही कळतं.

फिटरमामा

सी क्लासचा विषय आधी मिटवू. आयएस १२३९ या भारतीय मानकाचा पाइप पाणी, हवा, आग विझवायच्या लाइन यांच्यासाठी. लाल पट्टा म्हणजे सगळ्यात जाड सी, निळा म्हणजे बी, पिवळा ए. तुमच्या चिल्ड वॉटरला निळा पट्टाही पुरतो. ग्लायकॉललाही काळा पाइप चालेल, फक्त गॅल्व्हनाइज्ड घेऊ नका. ग्लायकॉलमध्ये गंजरोधक मिसळलेले असतात, ते जस्ताशी भिडतात, गाळ होतो आणि गाळण्या तुंबतात. अमोनियात सी क्लास नाही म्हणजे नाही.

एक बारीक गोष्ट, कागदावर दिसत नाही ती सांगतो. आयएस १२३९ चा १५० एनबी (नाममात्र १५० मिमी व्यासाचा) पाइप बाहेरून १६५.१ मिमी. अमेरिकन मापाचा सहा इंची १६८.३ मिमी. ६५ एनबीलाही तेच, ७६.१ आणि ७३. गोदामात दोन्ही पाइप शेजारी पडलेले असतात, पोरं एल्बो एका मापाचा उचलतात आणि पाइप दुसऱ्या मापाचा, मग वेल्डर कडेला मेटल भरून "जुळवून" घेतो. असा जॉइंट चिल्ड वॉटरवर खपून जाईल, अमोनियावर त्याला खपवून घेऊ नका. कारखान्यात दोन्ही प्रकार येणार असतील तर पहिल्या दिवसापासून वेगळ्या घोड्यांवर ठेवा आणि टोकांना वेगळा रंग मारा.

शेड्यूल_ऐंशी

मामांना +१. त्यात भर: ए५३ या साध्या कार्बन स्टील पाइपमधला एफ टाइप, म्हणजे भट्टीत जोड दाबून केलेला पाइप, अमोनियाच्या शीतकरणाला आयआयएआर या शीतकरण संस्थेचं मानक चालू देत नाही. बाजारात "ए५३" एवढंच सांगून माल गळ्यात मारतात. ईआरडब्ल्यू (विजेने जोड वेल्ड केलेला) की सीमलेस की एफ, ते विचारा.

जाडीचा ढोबळ हिशेब असा धरतात (शेड्यूलचा आकडा मोठा तितकी भिंत जाड): द्रव अमोनियाच्या लाइन दीड इंचापर्यंत शेड्यूल ८०, दोन ते सहा इंच शेड्यूल ४०, आठ इंच आणि त्यापुढे शेड्यूल २०. वाफेच्या लाइनला सहा इंचापर्यंत शेड्यूल ४०. बारीक पाइप दाबाने फुटत नाही, त्याच्यावर कोणीतरी पाय देऊन चढतं म्हणून तो जाड घ्यायचा. हे हसण्यावारी नेऊ नका.

चार्पी

आता मूळ मुद्दा. ए१०६ ग्रेड बी आणि ए३३३ ग्रेड ६ यांचे रासायनिक तक्ते शेजारी ठेवून बघा. कार्बन दोघांतही जास्तीत जास्त ०.३० टक्के. मँगनीज दोघांतही ०.२९ ते १.०६. ताणशक्ती ४१५ मेगापास्कल, यील्ड २४०, तीही तीच. कागदावर जुळी भावंडं. फरक पुढे आहे: ए३३३ चा पाइप साधारणपणे नॉर्मलाइज केलेला (तापवून हवेत थंड होऊ दिलेला) असतो, कण बारीक असतात, आणि त्याच्या तुकड्यावर उणे ४५ अंशांना चार्पी आघात चाचणी (खाच पाडलेला नमुना हातोड्याने तोडायला किती ऊर्जा लागते ते मोजणं) झालेली असते. १० बाय १० मिमीच्या तीन नमुन्यांची सरासरी किमान १८ ज्यूल, एकही १४ च्या खाली नाही.

म्हणजे तुम्ही जादा पैसे मोजता ते थंडीत तुटणार नाही याची तपासणी झाली आहे यासाठी. ए१०६ चा एखादा पाइप उणे ४५ ला मस्त टिकेलही, दुसरा काचेसारखा तडकेल. कोणता कुठला, ते चाचणीशिवाय कळायला मार्ग नाही.

कार्बन स्टील थंड होत गेलं की एका टप्प्यानंतर वाकणं सोडून देतं. आधी फुगेल, वाकेल, गळेल आणि इशारा देईल असं होत नाही. बारीकशी चीर असेल तिथून थेट फाटतं. ऑस्टेनायटिक स्टेनलेसला, म्हणजे ३०४, ३१६ यांना, हा टप्पाच नाही. म्हणून ३०४एल उणे १९६ च्या द्रव नायट्रोजनलाही बिनधास्त चालतो.

कारखान्यांतल्या पाइपिंगच्या बी३१.३ या मानकाप्रमाणे ए१०६ बी साडेबारा मिमी जाडीपर्यंत उणे २९ अंशांपर्यंत आघात चाचणीशिवाय वापरता येतो. तुमचं तापमान उणे ४०. मधले ११ अंश, हाच सगळा वाद.

गुलालवाडी

वाद मिटवतो. ए३३३ घ्या. पाइपच्या किमतीतला फरक तुम्हाला वाटतो तेवढा नाही, खिसा कापतात ती फिटिंग आणि व्हॉल्व्ह. त्यांचीही थंडीची प्रत लागते: ए२३४ डब्ल्यूपीबी फिटिंगच्या जागी ए४२० डब्ल्यूपीएल६, ए१०५ फ्लँजच्या जागी ए३५० एलएफ२, डब्ल्यूसीबी व्हॉल्व्हच्या जागी एलसीबी. नुसता पाइप ए३३३ आणि फ्लँज ए१०५ असला उद्योग करणारे बरेच भेटतात. मग पाइपवर घातलेले जादा पैसे कुठे गेले?

चार्पी

@गुलालवाडी, साखळी सांगितलीत ते बरोबर. पण "वाद मिटवतो" एवढ्यावर मिटणार नाही. अमोनियाच्या शीतकरणाला मुळात बी३१.३ लावतच नाहीत बरेच जण, बी३१.५ लावतात, आणि तिथे वेगळी वाट आहे. ती उद्या सविस्तर लिहितो, आज ड्यूटी आहे.

खरेदीतला_बाबू

माझ्यासारख्याला एवढंच सांगा: किलोचा दर बघू की मीटरचा? आमच्याकडे तुलनेचा तक्ता किलोवरच बनतो.

शेड्यूल_ऐंशी

@खरेदीतला_बाबू, मीटरचा, आणि तोही "बसवून, वेल्ड करून, रंगवून, लॅगिंग (थंडी राखणारं बाहेरचं वेष्टण) करून" मीटरचा.

उदाहरण घ्या. चार इंची कार्बन स्टील शेड्यूल ४०: जाडी ६.०२ मिमी, मीटरला १६.०७ किलो. तोच पाइप स्टेनलेसमध्ये १०एस या पातळ शेड्यूलचा: जाडी ३.०५ मिमी, मीटरला साधारण साडेआठ किलो. समजा, स्टेनलेसचा किलोचा दर तिप्पट आहे. खरेदीच्या तक्त्यात ते तिप्पट दिसेल, मीटरला मात्र दीडपटीच्या थोडं वर बसतं. सहा इंचाला वजन २८.२६ वरून चौदा किलोच्या आसपास येतं, तिथेही तेच. एक इंचाला मात्र शेड्यूल ८० चे ३.२४ किलो आणि १०एस चे २.१, तिथे दुप्पट पडतं.

आता दुसऱ्या बाजूने धरा. स्टेनलेसला ब्लास्टिंग आणि इपॉक्सी प्रायमर नाही. पण टिग वेल्डिंग, आतून अर्गॉनचं पर्जिंग, वेगळी हत्यारं, वेगळा ग्राइंडिंग डिस्क, लोखंडाच्या घोड्यावर पाइप ठेवायचा नाही. गावातला नेहमीचा वेल्डर इथे चालत नाही. प्लेट फ्रीजरच्या खोलीत, जिथे रोज धुणं असतं आणि लॅगिंगला पाणी लागतं, तिथे मी स्टेनलेस घेईन. छतावरच्या लांबलचक सक्शनला नाही. मालकांच्या मेहुण्यांना एवढं सांगा.

आणि हो, कोणी कॅल्शियम क्लोराइडचा ब्राइन वापरत असेल तर ३०४ ला हात लावू नका. क्लोराइड त्याला खड्डे पाडतं. तिथे काळा पाइप आणि नीट सांभाळलेला पीएच बरा.

मच्छीवाला_इंजिनिअर

@शेड्यूल_ऐंशी, हा मीटरचा हिशेब उद्याच मांडतो. @चार्पी, वाट बघतोय.

चार्पी

लिहितो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

बी३१.५ म्हणजे शीतकरणाच्या पाइपिंगचं मानक. त्यात अशी सवलत आहे: उणे २९ ते उणे १०१ अंशांच्या दरम्यान, आतला दाब, थंडीने होणारं आकुंचन आणि दोन आधारांमधला वाक हे सगळं मिळून पाइपमध्ये येणारा ताण, मंजूर ताणाच्या ४० टक्क्यांच्या आत राहिला, तर आघात चाचणी नसलेलं कार्बन स्टील चालतं. बी३१.३ मध्येही ताण कमी असेल तर तापमान खाली न्यायची सोय आहे, तिचा आलेख वेगळा.

ही सवलत ठेकेदाराच्या "सगळीकडे तेच चालतं" मागचं खरं कारण आहे, त्याला स्वतःला ते माहीत असो वा नसो.

आता आकडे. अमोनियाचं संतृप्त तापमान उणे ४० असताना दाब ०.७२ बार निरपेक्ष, म्हणजे हवेपेक्षा कमी. सक्शन लाइन थंडीत निर्वातातच असते! पंपाच्या पुढे द्रव लाइनमध्ये दोन-तीन बार चढतात, एवढंच. तरी आपण सहा इंची शेड्यूल ४० घेऊ आणि डिझाइन दाब २० बार धरू. ७.११ मिमी जाडीतून पाइप कारखान्याला जाडीत मिळणारी साडेबारा टक्के सूट वजा केली की ६.२२ राहते. घेराचा ताण येतो २७ मेगापास्कल. गंजासाठी आणखी १ मिमी काढलात तरी ३२. मंजूर ताण ११८ धरला तर त्याचे ४० टक्के ४७. पास.

इथपर्यंत वाचून ठेकेदार टाळी वाजवेल. थांबा. ३० अंशांना बसवलेली लाइन उणे ४० ला गेली की २० मीटरला साधारण १६ मिमी आखडते. तिला आखडू दिलं तर ठीक. दोन्ही टोकं घट्ट पकडली असतील, वळणं नसतील, कोणी "हलते म्हणून" मधे यू बोल्ट आवळून ठेवला असेल, तर नुसत्या आकुंचनाने लांबीच्या दिशेला १६० मेगापास्कल. गेली सवलत! ४७ ची मर्यादा, आणि तुम्ही १६० वर.

म्हणून ए१०६ वापरायचा की नाही हा प्रश्न पाइपचा कमी आणि पाइपला मोकळीक किती दिलीय याचा जास्त आहे. ज्याच्याकडे लवचीकतेचा हिशेब केलेला कागद आहे, आधारांचं ड्रॉइंग आहे आणि साइटवर ते तसंच बसवून घेणारा माणूस आहे, त्याने ए१०६ वापरून पैसे वाचवावेत. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याने ए३३३ घ्यावा. आणि तरी आधार नीट बसवावेत.

निळी_ज्योत

चार्पी, फार छान. दोन प्रसंग राहिले, दोन्हींत थंडी आणि दाब एकदम येतात.

पहिला: द्रव लाइनच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले आणि मधे उणे ४० चा द्रव अडकला. तो तापू लागला की फुगतो, जागा नसते, दाब कुठच्या कुठे जातो. पाइप अजून थंडच असतो. अशा प्रत्येक तुकड्यावर हायड्रोस्टॅटिक रिलीफ (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) हवाच, मग पाइप कोणताही असो.

दुसरा: हॉट गॅस डिफ्रॉस्ट, म्हणजे गरम वायूने कॉइलवरचं बर्फ वितळवणं. थंड कॉइलमध्ये गरम वायू एकदम सोडला की वाफेची पोकळी मिटते आणि द्रवाचा धक्का बसतो. अमेरिकेत अलाबामामध्ये थिओडोर गावी ऑगस्ट २०१० मध्ये एका शीतगृहात असंच झालं. छतावरची बारा इंची सक्शन लाइन फुटली, ३२ हजार पौंडांहून जास्त अमोनिया बाहेर पडला. त्यांच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने कारण दिलं ते द्रवाच्या धक्क्याचं. वीज गेल्यानंतर यंत्रणा पुन्हा चालू करताना हे घडलं. आपल्याकडे वीज जाणं ही काय बातमी आहे? तेव्हा डिफ्रॉस्टचा क्रम अर्धवट तुटला तर पुढे काय करायचं ते पॅनेलमध्ये लिहून घ्या, आणि मोठ्या कॉइलला आधी छोट्या व्हॉल्व्हने हळूहळू दाब समान करा. ग्रेड बदलून हा धक्का टळत नाही.

यारा_काठचा

मी व्हिक्टोरियात, मेलबर्नला असतो. इथे लाँगफर्ड हे नाव गॅसच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. २५ सप्टेंबर १९९८. गरम तेलाचा प्रवाह बंद पडला, एक हीट एक्स्चेंजर नेहमी गरम असणारा, तो उणे ४८ पर्यंत थंड झाला. बाहेरून बर्फ दिसत होतं. नंतर गरम तेल पुन्हा सोडलं आणि थंड कवच तडकलं. दोघे गेले, आठ जखमी, आणि अख्ख्या राज्याला जवळपास दोन आठवडे गॅस नव्हता. लोक थंड पाण्याने अंघोळ करत होते, अजून आठवण काढतात.

सांगायचा मुद्दा, ते उपकरण रोजच्या कामात कधीच थंड नव्हतं. तुम्ही तुमच्या लाइनची यादी कराल तेव्हा "चालू तापमान" या रकान्याशेजारी "बिघाड झाला तर किती खाली जाईल" असा रकाना ठेवा.

भोसरीचा_भट्टीवाला

याराकाठच्यांच्या मुद्द्यावरून माझा प्रश्न. आमच्याकडे द्रव नायट्रोजनची टाकी आहे, मग हवेवर चालणारा व्हेपोरायझर, आणि पुढे कारखान्यात कार्बन स्टीलची वायूची लाइन. पुरवठादार म्हणतो, व्हेपोरायझरनंतर वायू येतो, साधा पाइप चालेल.

चार्पी

@भोसरीचा_भट्टीवाला, चालेल, जोवर व्हेपोरायझर त्याचं काम करतोय. पावसाळ्यात त्याच्या पंखांवर बर्फाचा थर जमतो, कोणीतरी वापर वाढवतं, आणि उणे १९६ चा द्रव नाहीतर अतिथंड वायू पुढे सरकतो. कार्बन स्टील तिथे संपलं. व्हेपोरायझरनंतर काही अंतर ३०४एल किंवा तांबं ठेवा, मग तापमान मोजणारा सेन्सर, आणि थंडी पुढे येताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह. त्या व्हॉल्व्हच्या पुढे साधा पाइप. स्टेनलेसचे ते चार-सहा मीटर वाचवून काही मिळत नाही.

आधी लिहायचं राहिलं: उणे ४५ ते उणे १०० साठी ए३३३ मध्येच साडेतीन टक्के निकेलचा ग्रेड ३ आहे, आणि नऊ टक्क्यांचा ग्रेड ८ उणे १९५ पर्यंत. मोठ्या प्रकल्पांत ठीक, पण आपल्या पंचवीस-तीस मीटरच्या कामाला मिळणं मुश्कील, मिळालं तरी वेल्डिंगची वेगळी डोकेदुखी. त्या पट्ट्यात लहान कामाला सरळ ३०४एल स्वस्त पडतो. कार्बन डायॉक्साइडवाल्यांनीही हे लक्षात घ्यावं, दाब एकदम सुटला की तो गोठून उणे ७८ पर्यंत जातो.

खरेदीतला_बाबू

बरं, ए३३३ ची ऑर्डर काढली. आलेला माल खरंच ए३३३ आहे हे कसं ओळखू? आमच्याकडे पीएमआयची (धातूतली मूलद्रव्यं वाचणारी) बंदूक भाड्याने मिळते.

गुलालवाडी

पीएमआयने काही कळणार नाही, साहेब. वर चार्पींनी सांगितलंच, रासायनिक तक्ता तोच. शिवाय ती क्ष-किरणांची बंदूक कार्बन वाचतच नाही. ३०४ आणि ३१६ मधला फरक ती सांगेल, या दोन जुळ्यांतला नाही.

मी याच बाजारात उभा असतो म्हणून सांगतो. ए१०६ च्या पाइपवर स्टेन्सिल मारून ए३३३ करायला रंगाचा डबा पुरतो. तुम्ही असं करा:

पाइपवरचा हीट नंबर (स्टीलच्या ओतीचा क्रमांक) आणि टीसीवरचा, म्हणजे मिलच्या चाचणी दाखल्यावरचा, हीट नंबर स्वतः जुळवा, फोटोवरून नाही. टीसी ईएन १०२०४ मानकातल्या ३.१ प्रकारची हवी, त्यात उणे ४५ अंशांचे तिन्ही चार्पी आकडे छापलेले हवेत, नॉर्मलाइज केल्याचा उल्लेख हवा. पातळ पाइपमधून पूर्ण मापाचा नमुना निघत नाही, म्हणून आकडे १८ पेक्षा कमी असू शकतात, नमुन्याचं माप बघा. मिलला ईमेल करून टीसी खरी का विचारा. बऱ्याच मिल उत्तर देतात. आणि संशय आला की एका हीटचा एक फूटभर तुकडा कापून एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चार्पीला पाठवा. ऑर्डरमध्येच लिहा की नापास झाला तर माल परत, वाहतूक तुमची. हे वाक्य वाचल्यावर काही लोक कोटेशन द्यायलाच येत नाहीत, तिथेच गाळणी होते.

एक जुगाड मात्र रास्त आहे: काही मिलचा पाइप ए१०६ आणि ए३३३ दोन्हीला पास झालेला, दोन्ही स्टेन्सिल असलेला मिळतो. कळंबोलीत शिलकीत पडलेला असतो. चार्पीचे आकडे टीसीवर असतील तर डोळे झाकून घ्या, भावही बरा मिळतो.

फिटरमामा

पाइप कापला की हीट नंबर एका तुकड्यावर राहतो, दुसरा अनाथ. कापायच्या आधी दुसऱ्या तुकड्यावर नंबर उतरवून घ्या. नंतर कोण कबूल करतंय?

वेल्डिंगवाली

माझ्या खात्याचं कोणी बोललंच नाही. पाइप उणे ४५ चा आणि जॉइंट साध्या ७०१८ रॉडचा, असं सर्रास चालतं. साधा ई७०१८ आघाताला उणे ३० अंशांपर्यंत तपासलेला असतो. ई७०१८-१ घ्या, तो उणे ४५ पर्यंत. पाकिटावर शेवटचा "-१" बघा, दुकानदार "तेच आहे हो" म्हणून दुसरं देतो. टिग रूटला ईआर८०एस-एनआय१ मिळतं, तेही उणे ४५ चं.

आणि ठेकेदाराकडे वेल्डिंग पद्धतीचा पात्रता अहवाल मागा, त्यात वेल्ड मेटल आणि शेजारच्या तापलेल्या पट्ट्याची आघात चाचणी असलेला. बहुतेकांकडे अहवाल असतो, पण आघात चाचणीविना. नव्याने करून घ्यायला वेळ जातो, खर्च येतो, आणि तो खर्च नंतर "एक्स्ट्रा" म्हणून तुमच्या बिलात येतो. कोटेशनच्या वेळीच विचारलंत तर त्याच्या दरात बसतो.

जास्त करंट मारून भराभर पास भरणाऱ्या वेल्डरपासून सावध. जॉइंट दिसायला देखणा, एक्स-रेलाही पास, पण उष्णतेने कण मोठे झालेले, थंडीत कमजोर. चार्पी केली तरच पकडला जातो.

मच्छीवाला_इंजिनिअर

वेल्डिंगवाली ताई, हे आमच्या ठेकेदाराला आज विचारलं. "अहवाल आहे, पाठवतो" म्हणाला. अजून आलेला नाही.

बोल्टचं काय? सल्लागारांनी ए३२० एल७ लिहिलेत.

शेड्यूल_ऐंशी

नेहमीच्या ए१९३ बी७ बोल्टला बी३१.३ उणे ४८ पर्यंत परवानगी देतं. तुमच्या उणे ४० ला बी७ पुरेसा आहे. त्यांना विचारा, कारण दिलं तर ठीक, नाहीतर बदलून घ्या. एल७ शोधण्यात महिना जातो कधीकधी.

लॅगिंगमास्तर

सगळे ग्रेडवर भांडतायत, पण किनाऱ्यावरचा पाइप मी आतून गेलेला फारसा बघितलेला नाही. तो बाहेरून, लॅगिंगखाली जातो.

सतत उणे ४० ला असणारी लाइन बर्फात गोठलेली असते, तिथे गंज जवळजवळ थांबतो. खराब होतात त्या वरखाली होणाऱ्या: डिफ्रॉस्टच्या लाइन, हंगाम संपला की बंद होणाऱ्या लाइन, आणि उणे ८ चा तुमचा ग्लायकॉल. मासेमारी बंदीच्या काळात कारखाना थंडावतो, बर्फ वितळतं, पफखाली (लॅगिंगच्या फोमखाली) पाणी साचतं, त्यात खारी हवा. दोन पावसाळ्यांनी पत्रा उघडला की पाइपचे पापुद्रे हातात येतात.

कारण बहुतेक वेळा एकच, बाष्परोधक थर तुटलेला असतो. व्हॉल्व्हच्या दांड्याजवळ, फ्लँजजवळ, आणि सगळ्यात जास्त आधारांजवळ. पाइपला थेट क्लँप मारून त्यावर लॅगिंग गुंडाळतात, क्लँपच्या पायावाटे दमट हवा आत. क्लँप लॅगिंगच्या बाहेर हवा, आत जास्त घनतेच्या पफचा किंवा डांबर लावलेल्या लाकडाचा ठोकळा. असं केलं की चार्पींच्या आकुंचनाचा प्रश्नही सुटतो, पाइप ठोकळ्यासकट सरकू शकतो.

पाइपला लॅगिंगआधी ब्लास्टिंग आणि पाण्याखाली टिकणारं इपॉक्सी. रेड ऑक्साइड मारून लॅगिंग करणं म्हणजे पैसे वाचवणं नाही. आणि पत्र्याला स्क्रू मारताना स्क्रूचं टोक बाष्परोधक फाडतं, एवढ्यासाठी तरी कोणीतरी उभं राहा.

खरेदीतला_बाबू

लॅगिंगमास्तर, आमच्या कोटेशनांत लॅगिंग ही एकच ओळ असते, "इन्सुलेशन, एकरकमी." सगळ्यात स्वस्त तो पास.

लॅगिंगमास्तर

मग तिथेच कळलं तुमचे पाइप कुठे जातात ते. ओळ फोडा: प्रायमर, पफची जाडी आणि घनता, बाष्परोधक कोणता आणि किती थर, ठोकळे किती नग, पत्रा. पाच ओळी.

मच्छीवाला_इंजिनिअर

मंडळी, सल्लागारांसोबत बसलो. लाइनची यादी केली, बिघाडातल्या तापमानाच्या रकान्यासकट. ठरलं ते असं:

चिल्ड वॉटर आयएस १२३९, निळा पट्टा. ग्लायकॉल ईआरडब्ल्यू काळा पाइप. अमोनियाची हाय साइड, म्हणजे डिस्चार्ज, कंडेन्सर, रिसीव्हर, ए१०६ बी; त्यावर कोणाचाच वाद नव्हता. प्लेट फ्रीजरच्या खोलीतल्या लाइन ३०४एल १०एस. उरलेली लो साइड, म्हणजे थंड बाजू, ए३३३ ग्रेड ६, डब्ल्यूपीएल६ आणि एलएफ२ सकट, बोल्ट बी७.

सवलतीची वाट घेतली नाही. सल्लागार म्हणाले, लवचीकतेचा हिशेब करून देतो, पण छतावर पुढे कोण काय आवळेल याची खात्री मी देऊ शकत नाही. मला पटलं. सरसकट ए३३३ च्या पहिल्या यादीपेक्षा एकूण आकडा बराच खाली आला, आणि वाचलेल्यातला काही भाग लॅगिंगच्या पाच ओळींत गेला. मालक त्यावर जरा कुरकुरले.

चार्पी

ठीक निर्णय. हाय साइड आणि लो साइड यांची हद्द कुठे धरलीत? एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर की त्याच्या आधीच्या शटऑफवर?

मच्छीवाला_इंजिनिअर

एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर.

चार्पी

आधीच्या शटऑफपर्यंत ए३३३ मागे न्या. दीड-दोन मीटरचाच प्रश्न आहे, आणि तो व्हॉल्व्ह गळका निघाला की मधला तुकडा थंड होतो. ऑइल ड्रेनच्या बारक्या लाइनही यादीत बघून घ्या, त्या नेहमी राहून जातात आणि फिटर हाताला येईल तो पाइप जोडतो.

फिटरमामा

फिटरला काय बोलता, ड्रॉइंगमध्ये असेल तर जोडेल ना! पण बरोबर आहे. आणि दाबचाचणी पाण्याने करू देऊ नका. कोरडा नायट्रोजन, टप्प्याटप्प्याने, साबणाचं पाणी घेऊन.

मच्छीवाला_इंजिनिअर

शटऑफपर्यंत मागे नेतो, ऑइल ड्रेन यादीत टाकल्या. ठेकेदाराचा वेल्डिंगचा अहवाल आला, आघात चाचणीविना. नवीन करून द्यायला सांगितलंय, त्याच्या खर्चाने.